विलायतेहून मागवलेलं सैन्य

मी आयुष्यात एकाच इंग्रज माणसाशी बोललो, आणि त्याला मी अहिराणीत शिव्या दिल्या. तो "थँक यू, सर" म्हणाला.

आता तुम्ही हसाल. हसा! तेव्हा सगळं उधना हसलं होतं, तुम्ही कशाला मागे राहता? पण मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. कोणाकोणावर तापतात ते ओळीने सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सुरतेत उधन्याला साड्यांच्या छपाईची डिझाइनं काढायचो. म्हणजे दिवसभर कागदाला नाक टेकून, मांजराच्या मिशीएवढ्या ब्रशने आंबे, वेली नि मोर. संध्याकाळी रद्दीच्या दुकानात जुनी परदेशी मासिकं चाळायची, त्यातून एखादं फूल चोरायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते शेठला 'नवीन डिझाइन' म्हणून दाखवायचं. असंच एकदा एक विचित्र मासिक हाताला लागलं. त्यात फुलं नव्हती, सैनिक होते! शिशाचे, अंगठ्याएवढे, एकेक हाताने रंगवलेला. विलायतेत म्हणे मोठमोठे बाप्ये, नोकरीधंदा असलेले, टेबलावर हे सैनिक मांडून लढाया खेळतात. आणि खेळून कंटाळा आला की विकतात किंवा अदलाबदल करतात. मागच्या पानावर अशा लोकांचे पत्तेच होते. त्यातल्या एका हॅरल्ड नावाच्या इसमाच्या जाहिरातीत लिहिलं होतं : मराठे, घोडदळ आणि पायदळ, वापरलेले, थोडा रंग उडालेला.

मी दुकानात उभ्या उभ्या ओरडलोच, "मराठे! सेकंडहँड!"

घरी येऊन वडिलांना सांगितलं. आमचे आबा म्हणजे धरणगावकडून सुरतेला येऊन तीस वर्षं लूमवर काढलेला माणूस. खूश असले की मराठी बोलायचे, मंडळाच्या मीटिंगला गुजराती, आणि भडकले की अहिराणी. त्यांनी अहिराणी काढली.

"आपला मावळा सायबना घर काय करी ऱ्हायना?"

"आबा, खेळणी आहेत ती."

"मंग तर लय वाईट! मावळास्ना खेळ मांडा का त्यास्नी? आन घरी!"

एवढ्यावर थांबले असते तर मला आज हा लेख लिहावा लागला नसता. पण त्या वर्षी आबा आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मीटिंग बोलावून जाहीर केलं, "औंदा देखावा किल्ल्यावरच्या लढाईचा. आणि सैन्य डायरेक विलायतेहून!" टाळ्या पडल्या. पलीकडच्या गल्लीतलं मंडळ गेली कित्येक वर्षं हलता राक्षस करून आम्हाला खाली मान घालायला लावत होतं. आता बघा म्हणावं! मलाही चढलं. मी म्हटलं, येईल सैन्य.

आता प्रश्न असा, की ज्याला जन्मात बघितलं नाही अशा परक्या देशातल्या माणसाकडून माल घ्यायचा कसा? इथे प्रवेश झाला माझ्या मेव्हण्याचा. दिलीप. रेखाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, थोरला भाऊ. इच्छापोरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. त्याने एकदा जाहिरात बघून पोस्टाने घड्याळ मागवलं होतं आणि खोक्यातून बटाटा निघाला होता. तेव्हापासून पोस्टाने वस्तू मागवणे या विषयातला तो आमच्या घराण्यातला सर्वात मोठा जाणकार. (बटाटा नासका होता, हे तो कोणाला सांगत नाही.)

"दाजी, तुम्ही भोळे आहात," तो म्हणाला. "हॅरल्डला सांगा, आधी फोटो पाठव. सैनिक त्या दिवशीच्या पेपरवर उभे करून."

"पेपरवर कशाला?"

"म्हणजे माल खरंच त्याच्याकडे आहे, आणि आजही आहे, हे कळतं!"

"अरे, ते पळवून नेलेल्या माणसांचं करतात!"

"मग? तुमचे मराठे त्याच्या ताब्यातच आहेत ना?"

मी लिहिलं. आणि त्या सज्जन माणसाने खरोखर फोटो पाठवला! इंग्रजी पेपरवर आमचे घोडेस्वार, भाले उगारलेले, एकाची पगडी उडालेली. काय रेखीव काम होतं! आबांनी फोटो खिशात घातला तो शर्ट धुवायला टाकेपर्यंत काढला नाही.

दिलीपचा दुसरा नियम : आधी त्याने माल पाठवायचा, मग आपण. हॅरल्डला पैसे नको होते. त्याच्या बायकोला बाहुल्यांचे कपडे शिवायचा नाद, तिला सुरतेच्या जरीचे काठ हवे होते. "काठ आधी पाठवायचे नाहीत," दिलीपने बजावलं, "तो खाऊन बसेल." (जरीचे काठ!) मी तसंही लिहिलं. हॅरल्डने कळवलं, चालेल, माझा विश्वास आहे. यावर दिलीप डोळे बारीक करून म्हणाला, "इतका विश्वास ठेवतो म्हणजे नक्की लबाड आहे."

आणि तिसरा नियम! हा नियम मी अजून विसरलो नाही, आणि दिलीपलाही विसरू देत नाही. "पार्सलवर 'सैनिक' लिहायचं नाही. कस्टमवाला उघडेल, वाटेत कोणी लांबवेल. त्याला सांगा, वर असं काहीतरी लिही, की कोणाला हात लावावासा वाटू नये."

हेही मी लिहिलं. मोठ्या नम्रपणे. 'प्लीज' दोनदा घातलं.

मग आम्ही वाट बघत बसलो. मधल्या काळात रेखा बहिणीच्या बाळंतपणाला नंदुरबारला गेली. घरात मी आणि आबा. आणि एके दिवशी मी कामावरून आलो तर आबा माझ्याशी बोलेनात.

"आबा, चहा टाकू?"

आबांनी पाठ फिरवली.

"पोस्टमन आला होता का?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू लूमचा धोटा निसटून अंगावर यावा. मग उठले, डब्यातून मूठभर फुटाणे काढले, माझ्यासमोर बसले आणि चावायला लागले.

इथे सांगायला हवं, की आबांच्या तोंडात दात नव्हते. एकही नाही. कवळी बसवून घ्या म्हणून आम्ही सगळे त्यांच्या मागे लागलो होतो, आणि "मेल्यावर बसवा" असं सांगून त्यांनी दरवेळी विषय संपवला होता. तर हा बिनदाताचा माणूस माझ्या डोळ्यांत डोळे घालून हिरड्यांनी फुटाणे फोडत होता! दुसऱ्या दिवशी कडक भाकरी. कोरडी. तिसऱ्या दिवशी ऊस! नजर माझ्यावर रोखलेली, जबडा चाललेला, तोंडातून कट्‌कट् आवाज. मला वाटलं, वय झालं. मग वाटलं, आपल्या हातचं जेवण आवडत नसेल. मग मलाही राग आला आणि मीही बोलणं बंद केलं. एका खोलीत दोन माणसं, एक ऊस खातोय आणि दुसरा भिंतीकडे तोंड करून मोर काढतोय, असा आमचा संसार चालला.

गल्लीतही काहीतरी बिघडलं होतं. लोक मला बघून एकमेकांना कोपर मारायचे. मी दाढीला गेलो तर सुपडू न्हाव्याने वस्तरा हवेतच थांबवला.

"काय भाऊ, ऐकलं ते खरं का? विलायतेहून मागवलंय म्हणे तुम्ही?"

मला बरं वाटलं. चला, एकाला तरी कौतुक आहे!

"हो. येईल एवढ्यात."

"पण वापरलेलं?"

"अरे, वापरलेलंच चांगलं. नव्याची मजा नसते."

सुपडूने वस्तरा पुसला. "कोणी वापरलेलं, काही कळतं का?"

"एकाने नाही रे, कित्येकांनी. हा कंटाळला की त्याला देतो. असा फिरतच असतो माल तिकडे."

"आणि... तसंच घालायचं?"

"छे! आल्याबरोबर मी एकेक सुटा करून गरम पाण्याने धुणार. थोडा रंग उडालाय, तो माझ्या हाताने देणार. पिवळा, लाल, जो हवा तो."

"लाल?" सुपडू म्हणाला. त्याने माझी दाढी अर्धीच केली आणि हात जोडले. "भाऊ, आबा देवमाणूस आहेत. असं नका करू."

मी अर्ध्या दाढीने घरी आलो. आता मात्र माझं डोकं फिरलं होतं. महिना उलटून गेला, गणपती तोंडावर आले, सुताराने माणसाच्या छातीएवढा किल्ला ठोकून ठेवला, आणि सैन्याचा पत्ता नाही! दिलीप आला तो हसतच. "बघा! मी म्हटलं नव्हतं? एवढा विश्वास ठेवणारा माणूस लबाडच निघतो. फोन लावा त्याला! झापा!"

हॅरल्डच्या कागदावर फोन नंबर छापलेला होता. आम्ही गेलो जिग्नेशभाईच्या फोनच्या बूथवर. काचेच्या त्या खोक्यात मी आणि दिलीप मावत नव्हतो, म्हणून दार उघडंच ठेवलं. बाहेर रांग. समोर लाल आकडे धावणारा मीटर. तिकडे घंटा वाजली आणि एक शांत म्हातारा आवाज म्हणाला, "हॅलो?"

"मिस्टर हॅरल्ड! यू चीट!" मी ओरडलो.

"आय बेग युअर पार्डन?"

"काय म्हणतो?" दिलीपने विचारलं.

"माफी मागतो म्हणतो."

"नुसत्या माफीने काय होतंय? सोडू नका!"

"यू चीट मी! यू लूट मी!"

 मग तो अगदी सावकाश, पोराला समजवावं तसं म्हणाला, की सर, तुम्ही मला अजून काहीच पाठवलेलं नाही. मग मी तुम्हाला नेमकं कशात फसवलं?

आता याला काय उत्तर द्यायचं? तुम्हीच सांगा! मुद्दा बरोबर होता. बरोबर होता म्हणूनच माझं टाळकं सरकलं. महिनाभराचा फुटाण्यांचा, उसाचा, अर्ध्या दाढीचा राग एकदम वर आला, आणि रागाला काही माझं इंग्रजी पुरेना. मग मी सरळ अहिराणीत उतरलो. हॅरल्डच्या म्हशीपासून सुरुवात केली (ती त्याच्याकडे असण्याची शक्यता कमीच), मग त्याच्या खानदानात गेलो, मग त्याचं घर, त्याचं छप्पर, त्याचं टेबल. बाहेरच्या रांगेत शिरपूर, चोपड्याकडचे लोक होते, ते वा-वा करायला लागले. जिग्नेशभाई काउंटर सोडून दारात येऊन उभा राहिला.

मी दमलो तेव्हा हॅरल्ड म्हणाला, "थँक यू, सर. व्हॉट अ ब्यूटिफुल लँग्वेज."

आणि मग त्याने सांगितलं. पार्सल तर त्याने केव्हाच पाठवलं होतं, ते कालच त्याच्या घरी परत आलं. त्यावर शेरा होता : घेण्यास नकार.

"नकार? कोणी दिला नकार?"

ते त्याला कसं माहीत असणार? पण सर, तो म्हणाला, तुमच्या सूचनेप्रमाणे मी वर अशी वस्तू लिहिली, की जगात कोणी ती चोरणार नाही.

"व्हॉट यू राइट?"

"यूज्ड डेंचर्स."

"काय म्हणतो?" दिलीप.

मी रिसीव्हरवर हात ठेवला.  "वापरलेल्या कवळ्या," मी म्हटलं.

रांगेतली वा-वा बंद पडली. जिग्नेशभाई म्हणाला, "दांत? कोना दांत, भाई?"

मी तसाच घराकडे पळालो. दिलीपही पळाला, पण उलट्या दिशेने. (मीटर त्याने भरला, एवढं मात्र कबूल करतो.)

आबा ओट्यावर ऊस सोलत बसले होते.

"आबा! पार्सल तुम्ही परत पाठवलं?"

महिन्याभरात पहिल्यांदा ते बोलले. बोलले म्हणजे काय, स्फोट झाला! "पाठवं! शंभरदा पाठवसू! मी तुनाजोडे दात मांगा व्हतात का रे?"

"आबा, ते दात नव्हते."

"पोस्टमननी वाची दाखाडं माले! समदी गल्ली उभी व्हती! 'काका, विलायतथी दांत आव्या छे. जूना दांत.' लोके हसी हसी मरनात! नवा दात ना घेता येत तुले, ते नको घेऊ. पन बापना तोंडमा मरेल सायबनं उष्टं कोंबानं व्हतं का?"

"आबा, सैनिक होते हो त्यात! आपले मावळे!"

"मंग वरे दात काबरं लिखं?"

"चोरू नये म्हणून!"

आबांनी ऊस खाली ठेवला.  त्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि ते मराठीत बोलले. "मग मी रोज ऊस कशाला खात होतो रे? माझ्या हिरड्या बघ." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. सोललं होतं सगळं. इतका वेळ चढलेला माझा राग तिथे कुठल्या कुठे गेला. मी तूप आणून त्यांच्या हिरड्यांना लावायला बसलो, आणि आबा तोंडात माझं बोट असतानाच दिलीपला शिव्या देत राहिले.

रेखा नंदुरबारहून आली. सगळं ऐकल्यावर तिने आधी पोट धरून हसून घेतलं आणि मग एकच प्रश्न विचारला, "त्या बाईचे काठ पाठवले का?" नव्हते पाठवले. तिने स्वतः बाजारात जाऊन निवडले, बांधले आणि पाठवले. दिलीपच्या एकाही नियमाला न विचारता. हॅरल्डला मी कळवलं, की आता कृपा करून जे आहे तेच लिहा.

गणपती बसले. सैन्य आलं नव्हतं. रिकाम्या किल्ल्यापुढे पाटी लावली : 'सैन्य वाटेत आहे.' आबांनी माइक हातात घेऊन खुलासा केला, "बंधू-भगिनींनो, माझ्या मुलाने माझ्यासाठी जुने दात मागवले नव्हते!" तोपर्यंत ही गोष्ट आमच्याच गल्लीला माहीत होती. त्यानंतर ती पार पलीकडच्या नवागामपर्यंत गेली.

आणि विसर्जनाला दोन दिवस उरले असताना पार्सल आलं! पोस्टमनने ते आबांच्या हातात दोन्ही हातांनी दिलं. आम्ही उघडलं. काय सांगू तुम्हाला! प्रत्येक घोड्याची नस दिसत होती. मी रात्रीत पगड्यांचे रंग दुरुस्त केले, शेल्याला जरीचा काठ काढला, तलवारीच्या मुठीवर ठिपके दिले. आबा एकेक स्वार डोळ्यांपुढे धरून बघत होते. सकाळी आम्ही बुरुजावर, दरवाज्यात, चढावर सगळं सैन्य मांडलं, 'सैन्य वाटेत आहे'ची पाटी काढली आणि पडदा उघडला.

लोक आले. दोरीच्या पलीकडून, दहा हातांवरून, बघायला लागले. माना लांब केल्या. डोळे बारीक केले. कोणी टाचा उंचावल्या. एक बाई पोराला खांद्यावर घेऊन बराच वेळ उभी राहिली, मग मला म्हणाली, "भाऊ, सैन्य परत गेलं का?"

छातीएवढा किल्ला, अंगठ्याएवढे मावळे! आयुष्यभर कागदाला नाक टेकून काम करणाऱ्या माणसाला, म्हणजे मला, एकदाही सुचलं नव्हतं की बाकीचं जग लांबून बघतं. आबा माझ्या कानाशी येऊन दात नसलेले ओठ आवळत म्हणाले, "घोडं भलतं देखनं शे. पन दखायले बी पाहिजे ना रे!"

मंडळांच्या स्पर्धेत बक्षीस मात्र मिळालं. सर्वात शिस्तबद्ध आणि लांब रांगेचं. रांग लांब असणारच, प्रत्येक जण पाच-पाच मिनिटं सैन्य शोधत उभा राहायचा! बक्षीस घ्यायला आबांनी मलाच स्टेजवर ढकललं. परीक्षकांनी हातात ढाल दिली, फोटोसाठी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या आपुलकीने विचारलं, "बाकी व्यवस्था उत्तम होती हो तुमची. पण यंदा देखावा का नाही केला?"